हवामान, शेडमधील हवा आणि कोंबड्यांचे जिवाणूजन्य आजार

कुक्कुटपालन करणाऱ्यांमध्ये ‘हवा बदलली की मर लागते’ असे सर्रास म्हटले जाते. पहिला जोरदार पाऊस, थंडीचा पहिला कडाका किंवा एप्रिल-मेमधील उन्हाची तिरीप यानंतर मरतूक वाढल्याचे बहुतेक शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. अनुभव म्हणून हे विधान खरे आहे, परंतु कारणमीमांसा म्हणून ते अपुरे आहे. तापमान, आर्द्रता, पाऊस किंवा वारा यांपैकी एकही घटक स्वतः जिवाणूजन्य आजार निर्माण करीत नाही. तो पक्ष्याची प्रतिकारक्षमता घटवतो, जिवाणूंना शरीराबाहेर तग धरण्यास साहाय्य किंवा अडथळा करतो, आणि शेडमधील हवा, गादी (जमिनीवर पसरलेला तुसाचा थर), पाणी व खाद्य यांचा कस बदलून पक्षी आणि जिवाणू यांची गाठ घालून देतो. यांपैकी शेवटची वाट व्यवहारात सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, कारण हवामान म्हटले की नजर आभाळाकडे जाते आणि पक्षी ज्या हवेत प्रत्यक्ष श्वास घेतो ती जमिनीपासून वीतभर उंचीवरची हवा नजरेआड राहते.

या प्रश्नाचा आवाका मोठा आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात कोंबडीवर्गीय पक्ष्यांची संख्या सुमारे ८५.१८ कोटी असून त्यांपैकी सुमारे ७.४३ कोटी पक्षी महाराष्ट्रात आहेत. यांतील मांसल कोंबड्या, म्हणजे ब्रॉयलर, बहुतांशी दोन्ही बाजूंना जाळी आणि पडदे असलेल्या उघड्या शेडमध्ये वाढवल्या जातात. अशा शेडमध्ये बाहेरचे हवामान आत येतेच, परंतु जसेच्या तसे येत नाही. पडदे किती उघडले, गादी किती ओली आहे, पक्ष्यांची दाटी किती आहे यांवर त्याचे रूप ठरते. त्यामुळे एकाच गावातील, एकाच दिवशी पिल्ले टाकलेल्या दोन शेडमध्ये मरतुकीचे आकडे पूर्णतः भिन्न असू शकतात.

तापमान आणि जिवाणूसंसर्ग यांच्या नात्याचा एक अत्यंत जुना आणि नेमका प्रयोग कोंबडीवरच झालेला आहे. काळपुळी किंवा अँथ्रॅक्स हा गुरामेंढ्यांना मारणारा रोग कोंबडीला सहसा होत नाही, याचे कारण तिच्या शरीराचे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस एवढे उच्च तापमान असावे, असा तर्क लुई पाश्चर यांनी केला. १८७८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीला काळपुळीचे जिवाणू टोचून तिच्या शरीराचा खालचा भाग सुमारे २५ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवला. शरीराचे तापमान ३७-३८ अंशांपर्यंत उतरले आणि कोंबडी काळपुळीने मेली. त्याच रीतीने आजारी पाडलेली दुसरी कोंबडी वेळीच पाण्याबाहेर काढून ऊब दिल्यावर बरी झाली. हा प्रयोग आजही विचारात घेण्याजोगा आहे, मात्र त्याचा अर्थ सरसकट लावता येत नाही. काळपुळीच्या जिवाणूला कोंबडीच्या शरीराची उष्णता मानवत नाही, म्हणून तेथे तापमानाचा परिणाम थेट जिवाणूवरही होतो. याउलट ई. कोलाय ४२ अंशांना उत्तम वाढतो आणि कॅम्पिलोबॅक्टर या आतड्यातील जिवाणूला तर हेच तापमान सर्वाधिक मानवते. अशा जिवाणूंच्या बाबतीत शरीराची उष्णता हे संरक्षण नसते. तेथे प्रतिकारयंत्रणेलाच काम करावे लागते, आणि हवामान घाव घालते ते याच यंत्रणेवर.

पिल्लांच्या बाबतीत तापमानाचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. ही क्षमता हळूहळू येते आणि तिला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणूनच पहिल्या दिवशी ३२ ते ३४ अंशांची ऊब देऊन पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करण्याची पद्धत, म्हणजे ब्रूडिंग, सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात फ्रेडरिक हट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी साल्मोनेला पुलोरम या पिल्लांना मारणाऱ्या जिवाणूवर काम करताना असे दाखवले की, ज्या पिल्लांचे शरीराचे तापमान पहिल्या काही दिवसांत लवकर चढते त्यांच्यात या रोगाला तोंड देण्याची क्षमता अधिक असते. पांढऱ्या लेगहॉर्न जातीची पिल्ले जड जातींच्या पिल्लांपेक्षा अधिक टिकतात, त्यामागेही हेच एक कारण होते. म्हणजे आनुवंशिक प्रतिकारशक्ती म्हणून जी दिसते तिचा काही भाग शरीराच्या उष्णतेतून येतो, आणि ती उष्णता पहिल्या आठवड्यात शेडमधूनच मिळवावी लागते.

गारठलेल्या पिल्लांचे काय होते हे मेलेले पिल्लू उघडून पाहिले की कळते. पिल्लाच्या पोटात अंड्यातील पिवळ्या बलकाची पिशवी असते; तिच्यातून त्याला सुरुवातीचे अन्न आणि आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, मिळतात. निरोगी पिल्लात ही पिशवी चार-पाच दिवसांत जवळजवळ शोषली जाते. थंडी लागलेली पिल्ले एकमेकांवर गर्दी करतात, खाद्य-पाण्याकडे जात नाहीत आणि बलक तसाच पडून राहतो. बेंबी ओलसर व लाल, पोट फुगलेले आणि आत पिवळसर-तपकिरी, दुर्गंधी येणारा पातळ बलक असे दृश्य दिसते. बलक हे जिवाणूंसाठी उत्तम खाद्य असल्याने बेंबीवाटे किंवा अंड्याच्या कवचातून आलेला ई. कोलाय तेथे झपाट्याने वाढतो. हिवाळ्यात रात्री शेगडी विझली किंवा वीज गेली आणि पहाटे दोन-तीन तास पिल्ले गारठली तर त्याचा हिशेब चौथ्या-पाचव्या दिवशी मरतुकीत दिसतो, आणि तोपर्यंत त्या रात्रीचा विसर पडलेला असतो. उन्हाळ्यात हीच हानी वाहतुकीत होते: हॅचरीतून निघालेली पिल्ले भर दुपारी गाडीत तापतात, शरीरातील पाणी घटते आणि शेडवर पोहोचलेली सुस्त पिल्ले वेळेवर पाणी पीत नाहीत.

मोठ्या पक्ष्याची अडचण उलटी असते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगावर पिसांचे आवरण असते आणि आजच्या ब्रॉयलरची वाढ इतकी वेगवान आहे की त्याचे शरीर सतत मोठ्या प्रमाणात उष्णता निर्माण करीत राहते. अशा पक्ष्याला शेवटच्या आठवड्यात साधारण १८ ते २४ अंशांचे तापमान सुखाचे असते. त्यापुढे गेल्यावर तो पंख पसरतो, मग चोच उघडी ठेवून धापा टाकू लागतो. श्वसनमार्गातील ओलावा बाष्परूपाने बाहेर टाकून थंड होण्याचा हा उपाय असून त्याची किंमत मोठी आहे. धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होते. शिवाय नाकातील गाळणी टळून धुळीने भरलेली हवा तोंडावाटे थेट खोलवर जाते.

उष्णतेचा सर्वांत गंभीर परिणाम आतड्यावर होतो. शरीर थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवले जाते, आतड्याला होणारा रक्त आणि प्राणवायूचा पुरवठा घटतो, आणि आतड्याच्या अस्तरातील पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारे सांधे सैल पडतात. त्या फटींतून आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जिवाणू आणि त्यांची विषद्रव्ये रक्तात शिरतात व यकृत-प्लीहेपर्यंत पोहोचतात. त्याच वेळी मेंदू आणि अधिवृक्क ग्रंथी यांची तणावयंत्रणा जागी होऊन कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. त्याच्या प्रभावाखाली थायमस, प्लीहा आणि बर्सा या प्रतिकारपेशी घडवणाऱ्या अवयवांचे वजन घटते. रक्तातील हेटेरोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर वाढणे हे कोंबडीतील ताणाचे विश्वासार्ह लक्षण मानले जाते. ब्राझीलमधील साओ पावलो येथील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ब्रॉयलरना वाढीच्या अखेरच्या आठवड्यात रोज १० तास ३१ आणि ३६ अंशांच्या तापमानात ठेवले. वाढ खुंटली, आतड्यात सौम्य दाह आढळला आणि जिवाणूंना गिळून मारणाऱ्या मॅक्रोफेज पेशींची मारकक्षमता घटली. मराठवाडा-विदर्भात ३६ अंश हे मे महिन्यातील तापमान नव्हे, तर फेब्रुवारीच्या अखेरीचे किंवा मार्चमधील दुपारचे आहे, ही गोष्ट हा निष्कर्ष वाचताना ध्यानात घ्यायला हवी.

तरीही उष्णता वाढली की प्रत्येक जिवाणूरोग वाढतो, असे म्हणता येणार नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूमुळे आतड्याचे अस्तर मरून झडते, त्या नेक्रोटिक एन्टेरायटिस या आजारावरील प्रयोगांत परस्परविरोधी निष्कर्ष आलेले आहेत: काही प्रयोगांत उष्णतेच्या ताणाने आतड्यावरील व्रण वाढले, तर एका प्रायोगिक रचनेत दीर्घकाळ उष्णतेत ठेवलेल्या पक्ष्यांत ते कमी आढळले, थंडीचा ताणही या रोगाला पोषक ठरल्याचे ग्रीसमधील प्रयोगांत दिसले आहे. तापलेला पक्षी खाद्य कमी खातो, त्यामुळे जिवाणूला मिळणारे अन्नही आतड्यात कमी पोहोचते, हे या विसंगतीमागील एक संभाव्य कारण आहे. शिवाय अशा बहुतेक प्रयोगांत तापमान एका ठरावीक अंशावर स्थिर ठेवलेले असते. प्रत्यक्ष शेडमध्ये दुपार तापते आणि रात्र उतरते. पक्ष्याला रात्री सावरायला किती तास मिळाले, हा प्रश्न कमाल तापमानाइतकाच निर्णायक आहे, आणि प्रयोगशाळेतील आकडे शेडला लावताना नेमका हाच धागा सुटतो.

जिवाणूरोगांच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत अवघड ऋतू उन्हाळा नसून हिवाळा आहे, असे म्हणण्यास सबळ आधार आहेत. उन्हाच्या झटक्याने पक्षी डोळ्यांदेखत मरतात, म्हणून उन्हाळ्याची धास्ती मोठी; हिवाळ्यातील हानी संथपणे होते आणि तिचे मूळ थंडीपेक्षा थंडीला घाबरून केलेल्या बंदोबस्तात असते. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या भागात किमान तापमान कधी कधी ५ अंशांच्या खाली जाते, तेव्हा शेतकरी सायंकाळीच पडदे जमिनीपर्यंत सोडतो, फटी गोणपाटाने बुजवतो आणि सकाळपर्यंत शेड बंद राहते. आत हजारो पक्ष्यांच्या श्वासातील बाष्प कोंडते, पत्र्याला लागून थेंब होते आणि गादीवर टपकते. कोंबडीच्या विष्ठेतील युरिक आम्लाचे गादीतील जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. गादी ओली आणि उबदार असेल तेवढा तो अधिक सुटतो. श्वसनमार्गाच्या आतील बाजूस सूक्ष्म केसांसारखे रोमक असतात, जे श्लेष्म्यात अडकलेली धूळ व जिवाणू सतत वर ढकलून बाहेर टाकतात. अमोनियाचे प्रमाण दहा लाख भागांत २५ भागांच्या पुढे गेले की हे रोमक दुबळे होऊन झडू लागतात, आणि ५० च्या पुढे काही दिवस राहिले तर डोळे सुजून पक्षी आंधळेही होतात. शेडमध्ये रोज वावरणाऱ्या माणसाच्या नाकाला या वासाची सवय होते. त्यातही तो वास पाच फुटांवर घेतला जातो, पक्षी मात्र जमिनीलगत असतो. पहाटे शेडमध्ये जाऊन पक्ष्यांच्या उंचीवर बसून काही क्षण श्वास घेतला आणि डोळे चुरचुरले, तर पक्ष्यांचा श्वसनमार्ग आधीच उघडा पडलेला आहे असे समजावे.

या उघड्या पडलेल्या मार्गाने आत शिरणारा प्रमुख जिवाणू म्हणजे ई. कोलाय. तो कोंबडीच्या आतड्यात असतोच आणि विष्ठा वाळून तिची धूळ झाली की हवेत तरंगतो. पोल्ट्रीतील एका ग्रॅम धुळीत त्याची संख्या एक लाख ते दहा लाख असू शकते. येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहे: कोरड्या धुळीत ई. कोलाय दीर्घकाळ जिवंत राहतो, तर धुळीवर पाण्याचा हलका शिडकावा केल्यास काही दिवसांत त्याची संख्या मोठ्या प्रमाणात घटते. म्हणून हवा कोरडी असणे हे आपोआप आरोग्यदायी ठरत नाही. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, साधारण ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असावी, असे मानण्यामागे हेच कारण आहे. त्याखाली धूळ उडते आणि त्यावर गादी भिजते.

कोंबडीच्या फुप्फुसांना जोडलेल्या पातळ हवापिशव्या तिच्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. त्यांच्यात रक्तवाहिन्या विरळ आणि कायमस्वरूपी रक्षकपेशी नगण्य असल्याने धुळीबरोबर तेथे पोहोचलेल्या जिवाणूला रोखणारे फारसे कोणी नसते. हवापिशव्या धुरकट होतात, मग जिवाणू रक्तात जाऊन हृदय व यकृतावर पांढरट-पिवळा, सालीसारखा निघणारा थर साचतो. शवविच्छेदनात हा थर दिसला की निदान बहुधा ई. कोलायकडे झुकते. परंतु ई. कोलाय हा प्रायः मागाहून आलेला असतो. त्याच्या आधी अमोनियाने, मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या पेशीभित्ती नसलेल्या जिवाणूने, मानमोडीसारख्या विषाणूजन्य आजाराने किंवा त्याच आजाराच्या जिवंत लसीच्या प्रतिक्रियेने श्वसनमार्गाची वाट करून दिलेली असते. मायकोप्लाझ्मामुळे होणारा दीर्घकालीन श्वसनविकार, ज्याला व्यवसायात ‘सीआरडी’ म्हणतात, कित्येक कळपांत सौम्य रूपात मुरलेला असतो आणि हिवाळ्यातील कोंदट रात्री त्याला उघड करतात. कडाक्याच्या थंडीच्या आठवड्यात, शेड बंद असताना श्वसनमार्गावाटे लस देण्याचा निर्णय म्हणूनच पुन्हा पुन्हा तपासून पाहायला हवा.

अंड्यांवरील कोंबड्यांमध्ये हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा कोरायझा हा आजार जिवाणूच्या स्वतःच्या तगण्यावर हवामानाचा परिणाम कसा होतो हे दाखवतो. अ‍ॅव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनारम हा त्याचा जिवाणू अत्यंत नाजूक आहे. नळाच्या पाण्यात सामान्य तापमानाला तो काही तासांत मरतो आणि ३७ अंशांना नाकातील स्रावात एक-दोन दिवस टिकतो, परंतु थंडीत तोच स्राव कित्येक दिवस संसर्गक्षम राहतो. चेहरा सुजणे, नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव आणि अंड्यांत मोठी घट ही लक्षणे एक ते तीन दिवसांत दिसू लागतात. थंडीत जिवाणू अधिक काळ जगतो, पाणी प्यायची भांडी वाळत नाहीत आणि पक्षी दाटीने बसतात. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात.

पावसाळ्याचा बहुतांश परिणाम गादीतून होतो. भाताच्या तुसाच्या गादीत २० ते २५ टक्के ओलावा असावा. तो सुमारे ३० टक्क्यांच्या पुढे गेला की गादीच्या पापड्या धरतात. यासाठी उपकरण लागत नाही: मूठभर गादी घट्ट दाबून सोडली असता तिचा गोळा तसाच राहिला तर ती ओली, मूठ उघडताच भुगा होऊन उडाली तर फार कोरडी, आणि गोळा किंचित धरून भेगा पडून सुटला तर योग्य. शेतकऱ्याने रोज शेडच्या मध्यभागी, भिंतीकडेला आणि पाण्याच्या भांड्यांखाली अशी चाचणी घेतली तर कोपऱ्यांचा स्वभाव त्याला आठवडाभरात कळतो. कोकणात छपराचा सज्जा आखूड असला की वाछट थेट आत येते आणि कडेचा दोन-तीन फुटांचा पट्टा महिनोन्‌महिने ओला राहतो. त्यावर बसणाऱ्या पक्ष्यांच्या तळपायाला फोड येतात व तेथून स्टॅफिलोकॉकस जिवाणू सांध्यांत शिरून पक्षी लंगडू लागतात. ओल्या गादीत कॉक्सिडिया हे आतड्यातील परजीवी वाढतात, त्यांनी खरवडलेल्या अस्तरावर क्लॉस्ट्रिडियमला पाय रोवता येतो. शेताचे पाणी भरले की उंदीर-घुशी शेडकडे वळतात आणि साल्मोनेला व पाश्चुरेला जिवाणू बरोबर आणतात. विहिरीत गढूळ पाणी उतरते. मक्यात ओलावा राहून बुरशी धरली तर तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्याची प्रतिकारशक्तीच खच्ची करते, आणि मग ज्या जिवाणूने एरवी काही केले नसते तोही रोग घडवतो. यांतील एकही गोष्ट पावसाच्या मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही, तरी सर्व पावसाचेच परिणाम आहेत.

उन्हाळ्यातील पाण्याचा प्रश्न वेगळा असतो. सुमारे २१ अंशांना कोंबडी खाल्लेल्या खाद्याच्या दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात हे प्रमाण चौपटीच्या आसपास जाऊ शकते. अशा वेळी छपरावरील उघड्या टाकीतील पाणी तापते, क्लोरीन लवकर उडून जाते आणि नळीच्या आत चिकटलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर फोफावतो. म्हणजे पक्षी सर्वाधिक पाणी पितो त्याच दिवसांत पाणी सर्वांत अशुद्ध असते. विष्ठा पातळ होऊन गादी भर उन्हाळ्यातही भिजते, हा आणखी एक परिणाम. मेलेला पक्षी उन्हात दिवसभर पडून राहिला तर त्यात वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे विष अळ्यांतून इतर पक्ष्यांच्या पोटात जाते, आणि माना टाकून बसलेले पक्षी पाहून मानमोडी आली असा समज होण्याचा संभव असतो.

हवामान आणि जिवाणू यांचे नाते मध्यस्थामार्फत कसे घडते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण युरोपातील आहे. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीला फारसा आजारी पाडत नाही, परंतु अर्धेकच्चे मांस किंवा त्याने दूषित झालेले अन्न खाणाऱ्या माणसाला तीव्र अतिसार होतो. उत्तर युरोपात कोंबड्यांच्या कळपांतील त्याचे प्रमाण दर उन्हाळ्यात वाढते. विशेष हे की हा जिवाणू ३० अंशांखाली वाढतच नाही, त्यामुळे डेन्मार्कच्या उन्हाळ्यातील उबेत तो शेडबाहेर वाढण्याची शक्यता नाही. कोणीतरी त्याला आत वाहून आणावे लागते. तेथील संशोधकांनी माश्यांवर संशय घेऊन शेडच्या हवेच्या झरोक्यांना बारीक जाळ्या बसवल्या, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बाधित कळपांचे प्रमाण बिनजाळीच्या शेडमध्ये ५१.४ टक्के, तर जाळीच्या शेडमध्ये १५.४ टक्के आढळले. उष्णतेमुळे माशीची पिढी लवकर तयार होते, आणि ज्याला उन्हाळ्याचा परिणाम म्हटले जात होते त्याचा मोठा भाग एका जाळीने अडला. महाराष्ट्रात उघड्या शेडना अशी बारीक जाळी लावल्यास वारा कोंडून उष्णतेचा ताण वाढेल, म्हणून हा उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही. परंतु पिंजऱ्यांखालील ओले खत वेळेवर हलवणे आणि कोरडे ठेवणे हा त्याच तत्त्वाचा येथे शक्य असलेला प्रकार आहे.

अंड्याच्या बाबतीत हवामान कवचावर काम करते. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तात कवचासाठी उपलब्ध असलेला कॅल्शियम घटतो, कवच पातळ होते आणि तडकलेली अंडी वाढतात. अखंड कवचालाही हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. थंड खोलीतील अंडे दमट हवेत आणले की त्यावर दव धरते, आणि त्या पाण्याबरोबर कवचावरील साल्मोनेला किंवा ई. कोलाय छिद्रांतून आत शिरतो. पावसाळ्यात हॅचरीत अंडी हलवताना ही काळजी घेतली नाही, तर पहिल्या आठवड्यातील पिल्लांची मर तेथेच पेरली जाते.

राज्यातील विभागांची तुलना केली तर एकच उपाय सर्वत्र सांगणे किती चुकीचे आहे हे दिसते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, परंतु हवा कोरडी असते. तेथे फॉगरने, म्हणजे पाण्याचा धुक्यासारखा फवारा मारणाऱ्या यंत्राने, शेडचे तापमान कित्येक अंशांनी उतरते. तोच फॉगर रत्नागिरीच्या ३४ अंशांच्या दमट हवेत चालवला तर पाणी हवेत विरत नाही, पक्ष्याला धापांतून उष्णता टाकणे आणखी कठीण होते आणि गादी तेवढी भिजते. तेथे वारा वाढवणे हाच उपाय आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि नाशिकच्या पठारावर ऐन हिवाळ्याखेरीज मोठा धोका ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च या काळात असतो, जेव्हा दुपार आणि पहाट यांच्यात १५ अंश किंवा त्याहून अधिक फरक पडतो आणि पडदे दिवसातून अनेकदा वरखाली करावे लागतात. पडदा वरून उघडणारा असावा, खालून नव्हे, ही साधी रचना या काळात औषधांच्या पेटीपेक्षा अधिक पक्षी वाचवते: वरून उघडलेल्या पडद्यातून गरम, ओली हवा व अमोनिया निघून जातात आणि गार झोत पक्ष्यांच्या अंगावर येत नाही.

याच ठिकाणी प्रतिजैविकांचा प्रश्न येतो, आणि त्याविषयी मोघम बोलून चालणार नाही. हवा बदलणार म्हणून आधीच पाण्यातून प्रतिजैविक देण्याची प्रथा व्यवसायात रुजलेली आहे. अमोनियाने झडलेले रोमक प्रतिजैविकाने उगवत नाहीत, सैल झालेले आतड्याचे सांधे जुळत नाहीत, आणि गादी कोरडी होत नाही. औषध थांबले की त्याच शेडमध्ये तोच आजार परततो, फरक एवढाच की आता उरलेले जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत. माणसांच्या अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन कोंबड्यांना सर्रास दिले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी त्याचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. परंतु एका औषधाच्या जागी दुसरे औषध आले आणि पडदे पूर्वीसारखेच बंद राहिले, तर त्या बंदीचा हेतू साध्य होणार नाही. आजारी कळपाला निदानानंतर उपचार मिळालेच पाहिजेत. विरोध आहे तो हवामानाच्या नावावर आजाराआधीच दिल्या जाणाऱ्या मात्रेला.

यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. शेडमध्ये पक्ष्यांच्या उंचीवर टांगलेला तापमान-आर्द्रतामापक आणि मरतुकीच्या वहीत रोजच्या आकड्याशेजारी पहाटेचे किमान व दुपारचे कमाल तापमान, आर्द्रता आणि गादीची स्थिती लिहिण्यासाठी चार रकाने एवढ्यावर सुरुवात होते. तीन-चार बॅचच्या अशा नोंदी हाती असल्या की कोणत्या रात्रीनंतर कितव्या दिवशी मर वाढते हे त्या शेडपुरते स्पष्ट होते, आणि शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्यकालाही निदानासाठी ठोस आधार मिळतो. भारतीय हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेची सल्लापत्रके मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. त्यांत पिकांना सविस्तर जागा असते, कोंबड्यांसाठी मात्र बहुधा सावली करावी, थंड पाणी द्यावे अशी एक-दोन वाक्ये असतात. येत्या पाच दिवसांतील किमान तापमान, रात्रीची आर्द्रता आणि दिवसरात्रीतील फरक सांगून पडदे केव्हा व किती उघडावेत, लसीकरण पुढे ढकलावे की नाही, गादी केव्हा उलटावी, याविषयी विभागवार सल्ला या पत्रकांतून मिळायला हवा, आणि तो मागण्याचे काम कुक्कुटपालकांच्या संघटनांनी हिवाळा सुरू होण्यापूर्वीच हाती घ्यावे.